फाळक्यावरचे आबा

“हाऊ मन्हा बाप नही शे,” पप्पा म्हणाले.

“मंग कोन शे?”

“ते तूच सांग. काढेल तू शे.”

ट्रॉली कारखान्यात ऊस खाली करून नुकतीच अंगणात आली होती. पप्पा तिच्या मागे उभे. मागची लोखंडी झडप, जिला आम्ही फाळका म्हणतो, ती मी रंगवलेली. पप्पा ती पहिल्यांदा बघत होते.

“गोवाल पेंटरले मी काय सांगेल व्हतं? मोर काढ, खाले ‘आबांचा आशीर्वाद’ लिख. इतलंच. मोर कोठे शे?”

“मोर नही काढा.”

“ते दखाई ऱ्हायनं मले.”

“आशीर्वाद तं लिखा शे ना.”

“हाऊ आशीर्वाद शे?” पप्पांनी फाळक्यावर बोट आपटलं. “कारखानालोंग मन्हा बाप मांगना गाडीवालाले चप्पल दखाडत गया, अन् खाले लिखेल शे आशीर्वाद.”

आई ओट्यावर गहू निवडत होती. तिला हसू आलं. तिनं मान सुपात घातली.

मी म्हणालो, दाखवत नाहीयेत, देतायत. नीट बघा. चप्पल दाखवणाऱ्याचा हात वर असतो. यांचा हात पुढे आहे.

“मन्हा बी हात पुढे येई आत्ते,” पप्पा म्हणाले.

हे भांडण सोमवारचं. आज बुधवार आहे आणि आबा हरवलेत. सकाळी दहाच्या सुमाराला गेलेत, आता दीड वाजला. पप्पा मोटारसायकलवर शोधतायत. आई गल्ल्या बघून मळ्याकडे गेली. मला गेटवर बसवलंय, आबा परत आले तर घरी कोणीतरी पाहिजे म्हणून. मी म्हटलं, मी जातो, तुम्ही बसा. पप्पा म्हणाले, “तू आतेलोंग जे करं ते पुष्कळ शे. बठ.”

मला बसता येत नाही. शाळेतही हीच तक्रार होती. फोन हातात घेतला तर वाटतं कोणाचा तरी येईल आणि तो येत नाही. म्हणून फोन उंबऱ्यावर ठेवलाय आणि काजलताईच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहितोय. काजलताई माझी मोठी बहीण. ती नंदुरबारला नर्सिंगला आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.

माझं नाव भाग्येश. शाळा दहावीत सोडली. सरांनी माझ्या वहीतलं चित्र वर्गभर फिरवलं, मी बेंच उलटा केला. नंतर बोलावलं होतं परत, मी गेलो नाही. दोन वर्षं झाली. तेव्हापासून लोणखेड्याच्या रस्त्याला गोवालदादाच्या शेडमध्ये ट्रॉल्या रंगवतो. गोवालदादा धडगावकडचा. तो अक्षरं अशी काढतो की पट्टी लावून काढल्यासारखी, आणि पट्टी त्याच्याकडे नाहीच. चेहरे मात्र तो मला देतो. म्हणतो, “चेहरा तू काढ भाग्या, मन्हा चेहरा सगळा भाऊ भाऊ दिसतस.”

आमच्याकडे ट्रॉलीवर चेहरा कोणाचा असतो? देवाचा, नाहीतर घरातल्या गेलेल्या माणसाचा. बाप गेला की पोरगा नवी ट्रॉली घेताना बापाचा फोटो आणून देतो. वर्षभरात मी अकरा चेहरे काढलेत, अकराही मेलेले. मला हे माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण आबांना काढताना ते डोक्यात आलंच नाही. आता कोणी विश्वास ठेवत नाही यावर.

गोवालदादा चार दिवस गावी गेला होता. ट्रॉली शेडमध्ये, मी एकटा. आधी मोराची मानच काढली होती खडूनं. मग पुसली.

आबांचं डोकं तीन वर्षांपासून उतरायला लागलंय. चिंचपाड्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितलं आणि पप्पांना खुर्चीत बसवून नीट समजावलं की हे वाढत जाणार. गावात म्हणतात, डोकरानं डोकं फिरनं. मला दोन्हीचा राग येतो. आबा मला विचारतात, “कोना शे रे तू?” कोणाचा तू. गावात कुठलाही म्हातारा कुठल्याही पोराला हेच विचारतो, त्यात वाईट काही नाही. मी सांगतो, नवनीतचा. “कोन नवनीत?” तुमचा मुलगा. “मन्हा पोऱ्या तं शाळामा गयेल शे.” दिवसातून वीस वेळा. माणूस किती वेळा सांगेल? आई सांगते. तिला जमतं. मला अकराव्या वेळी जमत नाही.

दिवाळीच्या नंतर एकदा ते गेटपाशी चप्पल हातात धरून उभे होते. घरी जायचं म्हणे. मी म्हटलं हेच घर. “नही, आम्हनं घर.” आबा, हेच तुमचं घर, तुम्हीच बांधलं. “तू कोना शे रे?” मला शेडवर जायला उशीर झालेला. मी म्हणालो, चप्पल घाला पायात, नाहीतर द्या इकडे. त्यांनी ती छातीशी धरली. मी हिसकावली.

फार जोरात नाही. पण त्यांनी दुसरा हात तोंडावर आडवा धरला आणि म्हणाले, “मारू नको भाऊ.”

मला भाऊ म्हणाले. मग हळूहळू त्यांनी हात खाली घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि चप्पल माझ्यापुढे केली. “ले. तुन्ही शे का?”

मी ती घेतली नाही. गाडीला किक मारून निघून गेलो. संध्याकाळी येऊन सॉरी म्हटलं. त्यांच्या डोक्यात ते काहीच नव्हतं, मला बोट दाखवून आईला विचारत होते, पाहुणा जेवला का. त्यांच्या डोक्यातून पाच मिनिटांत गेलं. माझ्या जात नाही. मग सॉरी म्हणायचं कोणाला?

म्हणून काढलं. दुसरं काही कारण नाही. झब्ब्याची बटणं एक एक घर चुकलेली, कारण ती तशीच असतात. एका पायात चप्पल, एक पाय उघडा. डोळे नीट जमले नाहीत, चार वेळा खरवडले. पण हात जमला. तो हात मला माहीत आहे. चप्पल पुढे धरलेली, अंगठा वर, बोटं खाली. फाळक्यावर ते उभे राहिले आणि मागून जो येईल त्याला ती देत होते. शनिवारी मी फोनवर फोटो काढला. ड्रायव्हर आला, ट्रॉली जोडून परस्पर मळ्यात घेऊन गेला, भरली, आणि दोन दिवस ती कारखान्याच्या यार्डात नंबर लावून उभी. मागे दोनशे गाड्या.

आणि सोमवारी, पप्पा मला हात उगारायच्या बेतात असताना, त्यांचा फोन वाजला.

पप्पांचा फोन इतका मोठ्यानं बोलतो की अंगणभर ऐकू येतं. “नवनीतभो, कव्हय वारनात आबा? आमले कळाडं बी नही तुम्ही.”

“कोन वारना?”

“आबा.”

“आबा घरमा शेतस. च्या पी ऱ्हायनात.”

तिकडून माणूस म्हणाला, “मंग ट्रॉलीवर?”

पप्पा माझ्याकडे बघत राहिले. फोन ठेवला, परत वाजला. यार्डात कोणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला होता. खाली दोन दिवे आणि भावपूर्ण श्रद्धांजली. मी बघितला तो फोटो. चेहऱ्याएवढाच ठेवून बाकी कापलेला. हातही कापला, चप्पलही कापली. चार दिवस मी ज्या हातावर घातले तोच काढून टाकला आणि तिथे दिवे लावले. मी म्हटलं, हे कोणा येड्यानं केलं, हात का कापला? आई म्हणाली, “आठे माणूस मारी टाका लोकसनी, अन् तुले हातनी पडेल शे.”

पप्पांनी ग्रुपवर लिहिलं, आबा सुखरूप आहेत. पण श्रद्धांजली चाळीस ग्रुपांत गेली आणि सुखरूप दोनच ग्रुपांत गेलं.

मंगळवारी सकाळी लोक दारावर आले.

कोणी गेलं की आमच्याकडे दारावर बसायला जातात. पुरुष डोक्याला टॉवेल गुंडाळून येतात, ओट्यावर सतरंजीवर बसतात, कमी बोलतात. बायका कोपऱ्यापासूनच रडत येतात. पहिली जीप आली ती तापीपलीकडून. पप्पा गेटवर हात जोडून सांगत होते, शेतस, आबा शेतस, घरमा शेतस. पण जीपमधून उतरलेल्या बाया ऐकतील तर ना. त्यांनी कोपऱ्यापासून सूर लावलेला होता, तो गेटपर्यंत येऊन थांबणार कसा?

आतमध्ये आईचं वेगळंच. मेल्याच्या दारी चहा देत नाहीत, नुसतं पाणी. जित्याच्या घरी पाहुणा आला तर चहाशिवाय जात नाही. ती पातेलं हातात घेऊन उभी. मला म्हणाली, “काय ठेवू रे? तूच सांग, तुन्हाच कार्यक्रम शे.” शेवटी तिनं तीन पातेली चहा केला.

ज्यांना कळलं ते हसले. सगळे एकच वाक्य बोलले. “चाला, मरानी बातमी उठनी म्हंजे आबासनं आयुष्य वाढनं.” पाच जणांनी, दहा जणांनी. आई चहा गाळत होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “वाढू दे. चादरी धुवाले मी शेच.”

मग दगूबाई आली. दगूबाई आबांची धाकटी बहीण, आता तिलाच पंच्याहत्तरी. तिला कोणी फोन करून खरं सांगितलंच नाही, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं सांगितलं असेल. ती दोन सुनांच्या खांद्यावर हात टाकून रडत आली, “मन्हा दादा गया वं, मन्हं माहेर गयं वं.” पप्पा पुढे झाले तर त्यांच्या गळ्यात पडली आणि जास्तच रडायला लागली.

आणि ओट्यावरून आबा उठले.

ते सकाळपासून तिथेच बसलेले होते, लोकांमध्ये. कोणीतरी त्यांच्याही डोक्याला टॉवेल गुंडाळला होता की त्यांनीच गुंडाळला, माहीत नाही. आबा म्हणजे गावात कोणाच्याही दारावर पहिले जाणारे. काय बोलायचं, किती बोलायचं, कधी उठायचं, हे लोक त्यांच्याकडे बघून ठरवायचे. ते दगूबाईपर्यंत गेले. तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“नको रडू माय. आपला हातमा काय शे? पिकेल पान, ते गळीच.”

दगूबाईनं वर बघितलं. तिचं रडणं तोंडातच अडकलं.

“पानी आना रे,” आबा म्हणाले. मी तांब्या आणला. त्यांनी तिच्या हातात दिला. “पे. कोन व्हतात तुन्हा?”

एक सून म्हणायला लागली, “मामा, तुम्हीच...” दगूबाईनं तिचा हात दाबला.

“भाऊ,” दगूबाई म्हणाली.

“मोठा का धाकला?”

“मोठा.”

“वय काय व्हतं?”

“ब्याऐंशी.”

“मंग सोनं व्हयनं त्यानं,” आबा म्हणाले. “पोरंसोरं शेतस का मांगे?”

“शेतस ना दादा. पोऱ्या शे. नातू शे.” तिनं माझ्याकडे बघितलं. 

“मंग काय चिंता,” असं म्हणून आबा परत जागेवर जाऊन बसले, जसं दारावर बसतात तसं, गुडघे जवळ घेऊन.

ती पाणी प्यायली. आणि मला काय झालं माहीत नाही, मला इतका राग आला. सगळं येतं या माणसाला. परक्या बाईला कसं सांभाळायचं ते येतं, पाणी कधी द्यायचं ते येतं, फक्त ही बाई कोण ते येत नाही. एवढं सगळं शिल्लक ठेवलं तर ते एक ठेवायला काय झालं होतं? मी आत जाऊन कणगीला लाथ मारली. अंगठा अजून दुखतोय.

दुपारी लोक गेल्यावर पप्पांनी मला मागच्या खोलीत बोलावलं. आवाज चढवला नाही, म्हणजे जास्तच.

“दगूआत्या मरती तठे. तिले बीपी शे. कळस का तुले?”

“मी नाही टाकला तो फोटो.”

“तू काढं ना पन. जित्ता माणूसले तू ट्रॉलीवर बसाडं. सगळा तालुकाले दखाडं, दखा, आम्हना आबा असा व्हयनात. बटन लावता येत नही. चप्पल कळत नही.”

“मग तसेच आहेत ना.”

“आपला घरनं घरमा ठेवतस भाग्येश.”

“हो, ठेवता. काजलताईच्या साखरपुड्याला ठेवलंच होतं. याच खोलीत. बाहेरून कडी. पाहुण्यांना काय सांगितलं, आबांना ताप आहे. ते चार तास आतून दार वाजवत होते आणि तुम्ही टेपचा आवाज वाढवला.”

पप्पा खाटेवर बसले. मला वाटलं मारतील. त्यांनी भिंतीवरचा फोटो काढला, बाहीनं पुसला. शहाद्याच्या स्टुडिओतला, पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा. पांढरी टोपी, मिशी, गळ्यापर्यंत बटण.

“हाऊ मन्हा बाप,” पप्पा म्हणाले. “हाऊ दारमा उभा ऱ्हायना तं भांडण बंद व्हयी जाये. तू दखाच नही हाऊ माणूस. काढनाच शे तं हाऊ काढ. नही तं पुसी टाक. परवा ट्रॉली भराले जाई, त्याना पहिले.”

मी फोटो घेऊन गोवालदादाकडे गेलो. तो गावाहून आला होता. सगळं ऐकून म्हणाला, “जित्ता माणूस नही काढतस रे, तुले इतलं बी...” मग माझ्या फोनमधला फोटो बराच वेळ बघत बसला. मला वाटलं काहीतरी मोठं बोलेल. म्हणाला, “अंगठाना पट्टा उलटा काढेल शे तू. उजवी चप्पल शे ती.”

खरंच उलटा होता. चार दिवसांत मला दिसला नव्हता.

मी पत्र्याच्या तुकड्यावर टोपीवाले आबा काढायला बसलो. नाक बरोबर, मिशी बरोबर, टोपी तर फारच बरोबर. पण माझ्या अकरा मेलेल्यांसारखे झाले, बारावे. मग डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. पंधराव्या वर्षापर्यंत मी या माणसाच्या मागे मागे फिरलोय. त्यांच्या खांद्यावर बसून केळीचा बाग बघितलाय. तेव्हा ते चालायचे कसे? हसताना दात दिसायचे का? मला ऊस सोलून द्यायचे तो विळा कोणत्या हातात असायचा? नाही आठवत. खरंच नाही आठवत. मला फक्त आताचे आबा येतात, आणि मागचे फोटोतले. मधला माणूस माझ्याही डोक्यातून गेलाय आणि मला कोणी चिंचपाड्याला नेलं नाही.

पत्रा मी फेकला. चित्रावर मारायला रेड ऑक्साइडचा, लाल अस्तराचा, डबा घेऊन घरी आलो.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. सोमवारी ट्रॉली अंगणात आल्यापासून आबा सारखे तिच्यामागे जाऊन उभे राहत होते. मी विचारलं, आबा, हे कोण? म्हणाले, “कोना शे काय माहीत. उनमा उभा शे बिचारा.” मग खाली बघून म्हणाले, “एक पाय उघडा शे. भाजी ना त्याना पाय.” आणि स्वतःची एक चप्पल काढून ट्रॉलीखाली ठेवली. आईनं ती उचलून परत त्यांच्या पायात घातली. थोड्या वेळानं परत ठेवली. मंगळवारी सहा वेळा. आई म्हणाली, “दख, तुन्हा चित्रनी मन्हं काम वाढाडं.”

आज सकाळी मी रंग कालवला. पप्पा मळ्यात होते. चेहऱ्यापासून सुरुवात करायला पाहिजे होती, म्हणजे सुटलो असतो. माझा ब्रश खाली गेला. पाय पुसले. उघडा पाय, चप्पलवाला पाय, गुडघ्यापर्यंत सगळं लाल. त्याच्या वर, त्यांच्या अंगावर, माझा हात जाईना. म्हटलं, खालचं सुकू दे.

आबा आले. हातात चप्पल. खाली वाकले, ठेवायला. मग तसेच थांबले.

“पाय कोठे गयात?”

मी ब्रश मागे घेतला.

“आठे व्हतात पाय. कोठे गया तो?”

“गेले असतील, आबा. बसा तुम्ही.”

“उघडा पायनी गया?”

“बसा ना खुर्चीत.” मी ओरडलो. हो, ओरडलो. त्यांनी यावेळी हात आडवा नाही धरला. खुर्चीत जाऊन बसले. मी ब्रश धुवायला घरामागे पाण्याच्या मोटारीवर गेलो, थिनर संपलं होतं म्हणून रॉकेल शोधत बसलो, दहा मिनिटं, जास्त नाही. आलो तर खुर्ची रिकामी. गेट उघडं. ट्रॉलीखाली त्यांची एक चप्पल, पाय जिथे होते बरोबर तिथे. दुसरी नाही.

ते त्याला शोधायला गेलेत. मी पप्पांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, “कोनले शोधाले?” मी म्हटलं, फाळक्यावरच्याला. त्यांनी फोन ठेवला.

पप्पा तो स्टुडिओचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन फिरतायत. फाट्यावर, टपरीवर, पंपावर, दाखवतायत, यांना पाहिलं का. टोपी, मिशी, गळ्यापर्यंत बटण. कोण ओळखणार? मिशी तर आईनंच दोन वर्षांपूर्वी काढली, वरण अडकायचं म्हणून. आबांचा आताचा फोटोच कोणाकडे नाही. साखरपुड्याच्या अल्बममध्येसुद्धा नाही.

साडेबाराला पप्पांचा परत फोन आला होता. वारा लागत होता, गाडी चालू होती.

“तुन्हा मोबाइलमा शे ना तो फोटो.”

“कोणता?”

“माहीत शे तुले कोनता.”

“पायासकट?”

“पाय बी राहू दे. हात बी. सगळा धाड. ज्या ज्या ग्रुपवर श्रद्धांजली उनी व्हती, त्या सगळासवर.”

मी धाडला. खाली लिहिलं, हे आबा आहेत, नवल पाटील. जिवंत आहेत. सकाळपासून घरी नाहीत. असेच दिसतात. बटणं अशीच. एक पाय उघडा असेल.

तेव्हापासून बसलोय. अर्धा फाळका लाल आहे, अर्ध्यावर आबा आहेत, खालून कापल्यासारखे, रंगात उभे असल्यासारखे. उन्हात तो उलटा पट्टा फारच दिसतो. दुरुस्त करता येईल, दोन मिनिटांचं काम, पण हाताला ब्रश धरवत नाही. पावणेदोन झाले. समोरून उसाच्या दोन गाड्या गेल्या, दोघांनाही विचारलं. नाही म्हणाले.

फोन वाजला. अनोळखी नंबर. ऊसवाला ड्रायव्हर, कारखान्याच्या रस्त्याला पाटाच्या पुलाजवळून.

“भाऊ, तुम्हना फाळकावाला बाबा आठे शे. पुलवर बशेल शे. पायले थोडं लागेल शे, बाकी ठीक. पन त्यानी एक चप्पल धरेल शे हातमा, ती मले देई ऱ्हायना. ले म्हनस. लेऊ का?”

“ले,” मी म्हणालो. “नही म्हनू नको. ले, अन् बसाडी ठेव त्यासले. मी उनू.”

पप्पांना सांगितलं. ते उलट्या बाजूला आहेत, अर्धा तास लागेल म्हणाले. मला पाच मिनिटं लागतील. गेटवर कोणी नाही तर नाही. ट्रॉलीखालची चप्पल घेतलीय. मला आता निघावं लागेल.